चाचणीची विंडोज : नेहमीच्या अडचणी व त्यांवर उपाय



उसाची नवी जात संशोधन केंद्रात तयार झाली म्हणून ती लगेच आपल्या शेतात येत नाही. आधी केंद्राच्या प्लॉटवर, मग निरनिराळ्या जमिनींत आणि हंगामांत तिची परीक्षा होते. तीत टिकली तर शिफारस होते आणि मग बेणे आपल्या हाती पडते. शिफारस होण्याआधीच कुणी सगळ्या रानात ती लावली, तर नफा-नुकसान ज्याचे त्याचे.

संगणकाचेही तसेच आहे. संगणक चालू केल्यापासून बंद करेपर्यंत जी मूळ प्रणाली आतला सगळा कारभार बघते, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. आपल्याकडे बहुतेक घरांत विंडोज ही प्रणाली असते. तिची नवी आवृत्ती सर्वांना देण्याआधी कंपनी ती चाचणीसाठी हौशी लोकांना देते. घरातली कॉलेजची मुले नव्या सोयी आधी बघायला मिळाव्यात म्हणून ती चाचणी आवृत्ती घरच्याच लॅपटॉपवर चढवतात. त्याच लॅपटॉपवर सातबाराचे उतारे, ऊसबिलाच्या पावत्या, कर्जाचे कागद आणि लग्नकार्याचे फोटो असतात. अडचण सुरू होते ती इथे. म्हणून हा पाठ.

१. चाचणी आवृत्ती म्हणजे काय?

मायक्रोसॉफ्ट कंपनीने ३० सप्टेंबर २०१४ रोजी ‘विंडोज इनसायडर’ नावाची योजना जाहीर केली. दुसऱ्याच दिवशी विंडोज १० ची पहिली चाचणी आवृत्ती लोकांना मिळाली. तिचा क्रमांक ९८४१ होता. पक्की विंडोज १० बाहेर आली ती २९ जुलै २०१५ रोजी. विंडोज ११ चीही चाचणी आवृत्ती जून २०२१ मध्ये आली आणि पक्की ५ ऑक्टोबर २०२१ रोजी. म्हणजे मधले काही महिने लोकांच्या संगणकांवर परीक्षा झाली.

या योजनेत मार्च २०२३ मध्ये चार वाटा आखल्या गेल्या : कॅनरी, डेव्ह, बीटा आणि रिलीज प्रिव्ह्यू. कोळशाच्या खाणीत विषारी वायू आधी कळावा म्हणून पिंजऱ्यात जो पक्षी नेत, त्याचे नाव कॅनरी. नावावरूनच धोका ओळखावा. कॅनरीत सर्वांत कच्चा माल येतो. रिलीज प्रिव्ह्यूत जवळजवळ तयार माल येतो.

आपल्या यंत्रावर काय आहे हे ओळखायचे कसे? विंडोजचे चिन्ह असलेली कळ आणि ‘आर’ ही कळ एकदम दाबा. छोटी चौकट उघडेल. तीत इंग्रजीत ‘विनव्हर’ असे टाइप करून एंटर दाबा. आवृत्ती आणि बांधणी क्रमांक दिसेल. चाचणी आवृत्ती मुदतीची असेल तर संपण्याची तारीखही तिथेच दिसते. पुष्कळदा पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातही पुसट अक्षरांत हा क्रमांक लिहिलेला असतो. तो वहीत उतरून ठेवा. पुढे प्रत्येक ठिकाणी तो लागतो.

२. पेरणीआधीची मशागत

बिघाड झाल्यावर करायच्या उपायांपेक्षा आधीची तयारी जास्त कामाची. चार गोष्टी झाल्याशिवाय चाचणी आवृत्ती चढवूच नये.

पहिली : महत्त्वाच्या फाइलींची नक्कल बाहेरच्या हार्डडिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर घ्या आणि ती डिस्क यंत्रापासून काढून कपाटात ठेवा. इंटरनेटवरच्या साठ्यात फाइली आपोआप जातात म्हणून निर्धास्त राहू नये. इथे फाइल पुसली गेली की तिथलीही पुसली जाते. तिथल्या कचरापेटीत ती काही दिवस मिळते, कायमची नाही.

दुसरी : बऱ्याच नव्या लॅपटॉपांची डिस्क बिटलॉकर नावाच्या कुलपाने बंद असते. नेहमी ते जाणवत नाही. पण प्रणालीत मोठा बदल झाला की यंत्र एकाएकी ४८ आकडी किल्ली मागते. ती नसेल तर आपलेच घर आपल्याला बंद. ही किल्ली बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असते. यंत्र ठीक असतानाच ती शोधून कागदावर लिहून ठेवा.

तिसरी : किमान ८ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर पक्क्या विंडोजची प्रत तयार ठेवा. तिचे साधन कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. यंत्र सुरूच झाले नाही तर ही प्रत उपयोगी पडते.

चौथी : वीज आणि इंटरनेट. आवृत्ती बदलत असताना वीज गेली तर अर्धवट काम राहते. लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरून, चार्जर लावूनच बसा. मोठा संगणक असेल तर यूपीएस हवाच. चाचणी आवृत्तीत अशी मोठी डाउनलोड वरचेवर येतात. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दिवसाचा डेटा त्यातच संपेल.

आणि एक गोष्ट निक्षून सांगायची. सेवा सोसायटी, दूध डेअरी, पतसंस्था किंवा दुकानाच्या हिशेबाचा संगणक असेल, तर त्यावर चाचणी आवृत्ती कधीही घालू नये. तिथे दहा घरांचा हिशेब असतो. प्रयोग करायचाच तर जुना, जादा पडलेला लॅपटॉप घ्यावा.

३. अडचण आली तर क्रम कोणता?

गडबडून जाऊन दिसेल ते बटण दाबू नये. क्रम असा ठेवावा : आधी बघा, मग लिहा, मग सोपे आणि परत फिरवता येण्याजोगे उपाय करा, आणि सगळ्यात शेवटी पुसून टाकणारे. एका वेळी एकच बदल करा. दोन उपाय एकदम केले तर गुण कशाने आला ते कळत नाही.

पडद्यावर चुकीचा क्रमांक आला तर मोबाइलने त्याचा फोटो काढा. संगणक शेवटचा नीट कधी चालला आणि त्यानंतर काय नवे घातले, एवढे दोन प्रश्न स्वतःला विचारा. निम्मे निदान तिथेच होते.

४. नेहमीच्या अडचणी

(अ) नवी आवृत्ती उतरत नाही किंवा मध्येच अडकते.

सर्वांत साधे कारण म्हणजे डिस्कवर जागा नसणे. ‘शून्य-एक्स-८००७००७०’ हा क्रमांक आला तर जागा संपली असे समजावे. सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि त्यात स्टोरेज उघडा. नको ते व्हिडिओ, तात्पुरत्या फाइली काढा. ‘शून्य-एक्स-सी-१९००१०१’ने सुरू होणारा क्रमांक आला तर बहुधा एखाद्या ड्रायव्हरची कुरबुर असते. ड्रायव्हर म्हणजे प्रिंटर, वायफाय, आवाज अशा प्रत्येक सुट्या भागाशी प्रणालीची बोलणी करून देणारा छोटा प्रोग्राम. अशा वेळी प्रिंटर, पेनड्राइव्ह, बाहेरची डिस्क सगळे काढून घ्या. बाहेरून घातलेला अँटिव्हायरस तात्पुरता काढा. मग पुन्हा प्रयत्न करा. तेवढ्याने भागले नाही तर सेटिंग्ज, सिस्टिम, ट्रबलशूट या वाटेने जाऊन विंडोज अपडेटची तपासणी चालवा.

(आ) यंत्र सुरूच होत नाही, किंवा सारखे बंद-चालू होते.

पक्क्या विंडोजमध्ये मोठा बिघाड झाला की पूर्वी निळा पडदा यायचा. २०२५ मध्ये तो काळा करण्यात आला. चाचणी आवृत्तीत २०१६ च्या अखेरीस हा पडदा हिरवा केला, म्हणजे बिघाड चाचणीतला आहे हे बघताक्षणी कळावे. हिरवा पडदा आला म्हणून यंत्र जळाले असे नाही.

बंद-चालूचे बटण दहा सेकंद दाबून यंत्र बंद करा. चालू करा आणि सुरुवातीचे चिन्ह दिसले की पुन्हा तसेच बंद करा. असे दोन-तीनदा केल्यावर दुरुस्तीचा पडदा आपोआप उघडतो. तिथे ट्रबलशूट आणि मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स निवडा. आधी ‘स्टार्टअप रिपेअर’ करून बघा. मग ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ने शेवटची आवृत्ती काढा. तेही जमले नाही तर ‘स्टार्टअप सेटिंग्ज’मधून ४ क्रमांकाने सेफ मोडमध्ये जा. या अवस्थेत अगदी गरजेपुरतेच भाग चालू असतात. यंत्र तिथे नीट चालले तर दोष बाहेरून घातलेल्या कशात तरी आहे. याच वेळी बिटलॉकरची किल्ली मागितली जाण्याचा संभव असतो. ती कागदावर असली की चिंता नाही.

(इ) प्रिंटर, वायफाय, आवाज बंद पडतो. पडदा काळा होतो.

डिव्हाइस मॅनेजर उघडा. ज्या नावापुढे पिवळा त्रिकोण दिसेल ते दुखणे. त्यावर जाऊन ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हे बटण दाबले की आधीचा ड्रायव्हर परत येतो. बटण पुसट असेल तर आधीचा शिल्लक नाही असे समजावे, आणि यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर घ्यावा. भलत्याच ठिकाणचा घेऊ नये. पडदाच काळा झाला असेल तर विंडोजची कळ, कंट्रोल, शिफ्ट आणि ‘बी’ या चार कळा एकदम दाबा. पडदा लवलवतो आणि चित्राचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो.

(ई) खालची पट्टी आणि स्टार्टचे बटण ऐकत नाही.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. यादीत ‘विंडोज एक्सप्लोरर’ शोधा आणि रिस्टार्ट करा. पुष्कळदा एवढ्याने काम होते.

पण दोष दरवेळी आपल्या घरात असतोच असे नाही. सप्टेंबर २०२१ च्या सुरुवातीला विंडोज ११ ची चाचणी करणाऱ्या अनेकांची खालची पट्टी आणि स्टार्ट एकदम बंद पडले. कुणी काही बदलले नव्हते. कंपनीने आपल्या सर्व्हरवरून सोडलेल्या एका गोष्टीचा तो परिणाम होता. कंपनीने ती मागे घेतली आणि ज्यांची यंत्रे अडकली होती त्यांना उपाय कळवला. ज्यांनी घाईघाईने सगळे पुसून नवी विंडोज घातली, त्यांची मेहनत फुकट गेली असणार. म्हणून आधी त्या क्रमांकाच्या आवृत्तीबद्दल कंपनीने काय जाहीर केले आहे ते वाचावे. प्रत्येक चाचणी आवृत्तीबरोबर ‘माहीत असलेले दोष’ अशी यादी देण्याची पद्धत आहे. ती चढवण्याआधीच वाचली तर उत्तम.

(उ) यंत्र मंद झाले, बॅटरी लवकर उतरते.

नवी आवृत्ती बसल्यावर यंत्र काही काळ आतल्या आत फाइलींची सूची करत असते. एक दिवस वाट बघा. मग टास्क मॅनेजरमध्ये कोणता प्रोग्राम जास्त खातो ते पाहा. सुरुवातीलाच आपोआप चालू होणारे प्रोग्राम पुष्कळ असतील तर निम्मे बंद करून यंत्र पुन्हा चालू करा. दोष गेला तर तो बंद केलेल्या निम्म्यात, राहिला तर चालू असलेल्या निम्म्यात. पुन्हा त्याचे निम्मे करा. ठिबकची लाइन कुठे फुटली हे आपण व्हॉल्व बंद करत शोधतो, तसेच हे. सोळा प्रोग्राम असले तरी चार वेळात चोर सापडतो.

(ऊ) प्रणालीच्याच फाइली खराब झाल्या.

कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने, म्हणजे पूर्ण अधिकाराने, उघडा. इंग्रजीत ‘एसएफसी’, मग एक मोकळी जागा, मग तिरकी रेघ आणि तिला जोडून ‘स्कॅननाऊ’ असे टाइप करा. यंत्र स्वतःच्या मूळ फाइली तपासून खराब झालेल्या बदलते. थोडा वेळ लागतो. मध्ये बंद करू नये.

५. परत फिरायचे असेल तर

नवी आवृत्ती चढवल्यावर जुनीकडे परत जाण्यासाठी साधारण दहा दिवस असतात. सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी या वाटेने ‘गो बॅक’ हे बटण मिळते. जुनी प्रणाली डिस्कवर ‘विंडोज.ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये राखून ठेवलेली असते. जागा वाचवण्यासाठी मुलांनी तो फोल्डर पुसला की परतीची वाट मोडली. दहा दिवसांनंतर ती आपोआपही पुसली जाते.

त्यानंतर कॅनरी किंवा डेव्ह या वाटेवरून पक्क्या विंडोजवर यायचे तर साधारणपणे सगळे पुसून नव्याने बसवावे लागते. बीटा आणि रिलीज प्रिव्ह्यूवरच्यांना पुढची पक्की आवृत्ती आली की योजनेतून अलगद बाहेर पडता येते. मात्र मुदत ध्यानात ठेवा. चाचणी आवृत्ती कायमची नसते. मुदत सरत आली की सूचना येतात. त्याकडे कानाडोळा केला तर शेवटी यंत्र वापरता येत नाही.

आणखी एक सावधगिरी. पडद्यावर मोठ्या अक्षरांत ‘तुमचा संगणक बिघडला, या नंबरवर फोन करा’ असे आले तर तो फोन करू नये. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. असा फोन केला की समोरचा माणूस गोड बोलून आपल्या यंत्राचा ताबा मागतो आणि मग बँक खात्यापर्यंत पोचतो. ओटीपी, पिन, यंत्राचा ताबा यांतले काहीही अनोळखी माणसाला देऊ नये.

६. तक्रार लिहिणे हेही काम आहे

चाचणी आवृत्ती फुकट मिळते. तिच्या बदल्यात आपण दोष कळवावेत अशी अपेक्षा असते. विंडोजची कळ आणि ‘एफ’ दाबले की ‘फीडबॅक हब’ उघडते. तिथे दोष लिहिता येतो, आणि दुसऱ्याने लिहिलेल्या दोषाला आपले मत देऊन दुजोराही देता येतो.

या तक्रारींचे मोल किती, हे २०१८ च्या ऑक्टोबरात कळले. कंपनीने २ ऑक्टोबर २०१८ रोजी विंडोज १० ची मोठी आवृत्ती सर्वांना खुली केली. लगेच काही लोकांच्या तक्रारी आल्या की आमच्या डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा फोल्डरांतल्या फाइलीच नाहीशा झाल्या. ६ ऑक्टोबरला कंपनीने वितरण थांबवले.

कारण असे निघाले. काही लोक हे फोल्डर मूळ जागेवरून दुसऱ्या ड्राइव्हवर हलवतात. आधीच्या आवृत्तीत अशांना त्याच नावाचे जादा रिकामे फोल्डर दिसू लागले होते. ते काढावेत अशी लोकांचीच मागणी होती. म्हणून कंपनीने जादा फोल्डर काढून टाकणारा बदल केला. पण आणखी एका बदलाशी त्याचा मेळ बसून जुन्या जागेचे मूळ फोल्डर आतल्या फाइलींसकट पुसले गेले. ज्यांच्या काही फाइली जुन्या जागीच राहिल्या होत्या, त्यांच्या त्या गेल्या. तण काढायला सांगितले आणि कोंबही उपटले, असा प्रकार झाला.

कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे अशा तक्रारी दर दहा हजारांत एक इतक्याच होत्या. पण ज्याची फाइल गेली त्याच्या दृष्टीने सगळेच गेले. आणि मुख्य गोष्ट पुढे आहे. चाचणी करणाऱ्या काहींनी फाइली गेल्याचे फीडबॅक हबवर आधीच कळवले होते. पण त्या तक्रारींना दुजोरा थोड्यांचाच होता. ढिगात त्या खालीच राहिल्या. त्यानंतर कंपनीने दोष किती गंभीर आहे हे वेगळे सांगण्याची सोय त्यात केली. दुरुस्त आवृत्ती पुन्हा आली ती १३ नोव्हेंबर २०१८ रोजी.

यातून दोन गोष्टी घ्याव्यात. कंपनीला मोजून कळते ते पुष्कळांचे दुखणे. एखाद्याचे मोठे दुखणे नीट लिहिले तरच कळते. म्हणून ‘विंडोज बेकार आहे, लवकर सुधारा’ अशी तक्रार उपयोगाची नाही. ती अशी लिहावी : ‘आवृत्ती अमुक क्रमांकाची. डॉक्युमेंट्स फोल्डर डी ड्राइव्हवर हलवला होता. नवी आवृत्ती बसवल्यावर सी ड्राइव्हवरचा जुना फोल्डर नाहीसा झाला. आत साठ फाइली होत्या. गंभीर दोष, माहिती नष्ट होते.’ काय केले, काय व्हायला हवे होते, काय झाले, एवढ्या तीन गोष्टी आल्या की दुसऱ्याला तोच दोष स्वतःच्या यंत्रावर करून बघता येतो. लिहिण्याआधी तोच दोष आधी कुणी लिहिला आहे का ते शोधा. असेल तर त्यालाच दुजोरा द्या आणि आपला तपशील जोडा. दहा ठिकाणी विखुरलेल्या दहा तक्रारींपेक्षा एका ठिकाणच्या दहा सह्या लवकर दिसतात, हे आपल्याला गावातल्या पाण्याच्या अर्जावरूनही ठाऊक आहे.

फाइली गेल्याचे लक्षात आले तर त्या यंत्रावर नवीन काहीही साठवू नका. बंद करा आणि जाणकाराकडे न्या. पुसलेल्या जागी नवे लिहिले गेले की परत मिळण्याची आशा संपते.

७. स्वाध्याय

घरी मुलांना बरोबर घेऊन पुढील प्रश्नांची उत्तरे वहीत लिहावीत.

१) आपल्या संगणकावर कोणती आवृत्ती आहे? ती चाचणीची असेल तर मुदत केव्हा संपते?
२) सातबारा, बिले, कर्जाचे कागद, फोटो यांची दुसरी नक्कल कुठे आहे? ती उघडून बघितली का?
३) बिटलॉकरची ४८ आकडी किल्ली कुणाकडे आहे?
४) परत फिरण्याचे दहा दिवस कोणत्या तारखेला संपतात?

चारांची उत्तरे आली तर मुलांना खुशाल प्रयोग करू द्यावा. शिकण्याचा तोच मार्ग आहे, आणि त्यांनी नीट लिहिलेल्या एका तक्रारीने कुणा अनोळखी माणसाच्या फाइली वाचू शकतात. उत्तरे आली नाहीत तर आज संध्याकाळीच कागदपत्रांची नक्कल घ्यावी. बाकीचे उद्या केले तरी चालेल.